बिनअंड्याचे फुगे

ऑलिव्ह मिरांडा दुकानात शिरली की अंधेरीतले बेकरीवाले आधी आतून मालकाला बोलावतात. पावावरची चकाकी कशाची? एगलेस केकचं भांडं वेगळं आहे का? ते धुतं कोण, आणि स्पंज तोच का? एकट्या माणसाला हे प्रश्न झेपत नाहीत.

एकदा आम्ही दोघी घाटकोपरला गेलो होतो. तिथल्या एका केकच्या दुकानावर ‘शंभर टक्के एगलेस’ अशी हिरवी पाटी होती. मालकाने हसून विचारलं, “जैन की नॉर्मल?”

“कॅथलिक,” ऑलिव्ह आंटी म्हणाली.

मालक गोंधळला. कॅथलिक बाईला बिनअंड्याचा केक कशाला लागतो, हे त्याच्या धंद्यात बसत नव्हतं. मग त्याला तिची दया आली. त्याने पुढे वाकून, आवाज खाली आणून सांगितलं की संकोच करू नका, मागच्या बाजूला अंड्याचाही मिळतो. त्याच ओव्हनमधला आहे, ताजा आहे.

आंटीने त्याचे आभार मानले. बाहेर येऊन ती पाटीकडे बघत उभी राहिली.

“एवढी मोठी अक्षरं काढायची म्हणजे रंग बराच लागला असेल,” ती म्हणाली.

मी तिच्या माडीवरच्या खोलीत भाड्याने राहते. चकाला गावठाण, मेट्रोच्या मागची गल्ली, कोपऱ्यावरच्या क्रुसाच्या जवळचं घर. मराठी घेऊन एम. ए. केल्यावर मला गोरेगावच्या स्टुडिओत मालिकांचे संवाद तपासायचं काम मिळालं. दिवसभर तिथे सगळे एकमेकांवर ओरडत असतात. संध्याकाळी आंटीच्या स्वयंपाकघरात बरं वाटतं. तिथे एकच जण ओरडतं.

तिच्या मुलाला, ग्लेनरॉयला, अंड्याची अ‍ॅलर्जी आहे. मोठा झाला की जाईल, असं डॉक्टर म्हणाले होते. बहुतेकांची जाते. ग्लेनरॉय मोठा झाला, नोकरीला लागला, त्याचे केस विरळ व्हायला लागले, अ‍ॅलर्जी तिथेच राहिली. अंड्याचा अंश पोटात गेला तरी त्याचे ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात आणि मग श्वास अडकतो. त्याच्या खिशात नेहमी इंजेक्शनची छोटी पेटी असते.

आंटीचा जगावरचा विश्वास उडाला तो एका नाताळात. ग्लेनरॉय तेव्हा दहावीत होता. आत्याच्या घरी त्याने द्राक्षाच्या वाइनचा एक घोट घेतला. वाइनमध्ये अंडं असेल असं कोणाच्या मनात येणार? आत्याच्या येऊ शकलं असतं. वाइन नितळ व्हावी म्हणून ती बरणीत अंड्यातलं पांढरं फेटून घालते. तिची आई घालायची. कोणी विचारलं नाही म्हणून तिने सांगितलं नाही. रिक्षा हॉस्पिटलच्या दारात थांबली तोवर पोराचे ओठ निळे पडले होते.

ही आत्या म्हणजे फ्रेडा. आंटीचा नवरा युस्टेस, त्याची थोरली बहीण. पोराला हॉस्पिटलात बघूनही तिचं मत बदललं नाही. पोरगा कोंबडी खातो. कोंबडी अंड्यातून येते. मग अ‍ॅलर्जी कसली? याला डॉक्टरांकडेसुद्धा उत्तर नाही, असं ती सगळ्यांना सांगते. डॉक्टरांना तिने विचारलेलं नाही.

गावठाणाचं मतही साधारण तेच. अ‍ॅलर्जी ही टॉवरमधल्या लोकांची गोष्ट. तिथे कुत्र्यांनासुद्धा असते. गावातल्या पोराला झाली म्हणजे आईने लाड केले.

नाताळानंतर आंटीने घरातली अंडी बंद केली. भांडी नवी घेतली आणि प्रत्येक भांड्याच्या काठावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. ठिपक्याचं भांडं घराबाहेर जात नाही आणि बिनठिपक्याचं उंबऱ्याच्या आत येत नाही. युस्टेसला ऑम्लेट खायचं असेल तर तो मेट्रो स्टेशनखालच्या गाडीवर जातो. परतल्यावर दाढी घासून धुतो. फ्रेडा म्हणते, माझा भाऊ बायकोच्या घरात पाहुण्यासारखा राहतो. युस्टेस म्हणतो, पाहुण्याला निदान काम सांगत नाहीत.

केक, बिस्किटं, नानखटाई, सगळं ती घरी करायला शिकली. केकमध्ये दही घालायची, कधी पिकलेलं केळं. ते जमलं. फुगे जमले नाहीत.

फुगे म्हणजे मैदा, नारळाचं दूध, अंडी आणि ताडी घालून आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे. बाहेरून गुळगुळीत, आतून जाळीदार, हातात घेतले तर वजन लागत नाही. हल्ली ताडीच्या जागी यीस्ट घालतात, ते गावाने चालवून घेतलं आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी मांडवात बायका कढईभोवती बसतात आणि मुठीतून पीठ दाबून तेलात सोडतात. पोर्कच्या रश्शाबरोबर तेच खायचे. फुग्यांशिवाय लग्न चर्चमध्ये होतं, गावात होत नाही.

ग्लेनरॉयने जन्मात फुगा खाल्ला नव्हता. दुसऱ्यांच्या लग्नात तो घरून डबा न्यायचा, पाव आणि भाजी, आणि टेबलाखाली उघडायचा. आता त्याचं स्वतःचं लग्न ठरलं. नवरा मुलगा आपल्याच मांडवात टेबलाखाली डबा उघडणार का, हा आंटीचा प्रश्न होता. तिने उत्तरही दिलं. या लग्नात काहीच अंड्याचं होणार नाही. केक नाही, फुगे तर नाहीच. माझा मुलगा सगळ्यांबरोबर, सगळ्यांच्या कढईतलं खाईल.

खरी पंचाईत इथून सुरू झाली, कारण मुलगी मुलुंडची होती.

रेवती करंदीकर ग्लेनरॉयच्या ऑफिसातली. तिने लग्नाला हो म्हणायच्या आधी संत्र्यावर सुई टोचून इंजेक्शन द्यायची प्रॅक्टिस केली होती. आंटीला एवढं पुरलं. रेवतीचे वडील श्यामकांत बँकेतून निवृत्त झालेले. त्यांच्या घरात अंडं चालत नाही. बाहेरचा केक चालतो. केकमधलं अंडं ते धरत नाहीत.

लग्नात अंडं नसणार हे कळल्यावर श्यामकांत मुलुंडहून खास आले. सोफ्यावर बसले, पाणी प्यायले, आणि सांगितलं की आपण एवढ्या थोर मनाचे असाल असं वाटलं नव्हतं. आमच्या भावनांसाठी आपण आपली परंपरा बाजूला ठेवलीत.

आंटीने सांगितलं की हे मुलासाठी आहे. त्याला अंडं चालत नाही, जीव जातो.

“हा तुमचा विनय आहे,” श्यामकांत म्हणाले.

आंटीला आयुष्यात प्रथमच कोणी विनयी म्हटलं होतं. ती चहा टाकायला आत गेली. जाताना त्यांनी विचारलं की ग्लेनरॉय मटण खातो, पण अंडं खात नाही ना? म्हणजे अर्धा शाकाहारी म्हणायला हरकत नाही. त्यांची पत्नी वसुधा चप्पल घालता घालता म्हणाली, “अहो, चला आता.”

ही भेट गावठाणात संध्याकाळपर्यंत पोचली. ऑलिव्ह मुलुंडपुढे वाकली. आज अंडं गेलं, उद्या पोर्क जाईल, परवा मांडवात श्रीखंड येईल. फ्रेडाने तर क्रुसाजवळ उभं राहून सांगितलं की तिच्या आजोळी पोर्तुगिजांपासून फुग्यात अंडं आहे. व्हॅलेन्सिया शेजारीच राहते. चर्चच्या गायकवृंदात तिचा आवाज सगळ्यांत वर असतो. ती म्हणाली की अ‍ॅलर्जीचं नाव पुढे करून ऑलिव्ह व्याह्यांची मर्जी सांभाळते आहे.

आंटीने एकेकीला समजावलं. वाइनची आठवण दिली. त्या म्हणाल्या, तेव्हा द्राक्षं खराब होती.

शेवटी तिने समजावणं सोडलं आणि पीठ मळायला घेतलं. लग्नाआधीचे कित्येक रविवार आम्ही फुगे खाल्ले. उकडलेला बटाटा घातलेले फुगे तेलात तळाशी जाऊन बसले. केळ्याच्या फुग्यांना केळ्याचा वास आला. भिजवलेल्या जवसाचे बरे झाले, पण चिकट पीठ मुठीतून तुटेना, त्यामुळे त्यांना मिशा फुटल्या. दह्याचे चपटे झाले आणि थंड झाल्यावर उशीसारखे दबले. त्यातल्या त्यात तेच बरे. युस्टेस प्रत्येक वेळी एक खायचा आणि म्हणायचा, जवळ आलंय. त्याने एवढ्यांदा जवळ आणलं तरी आंटी पोचली नाही.

लग्न रविवारी होतं. शनिवारी सकाळी तिने दह्याचं पीठ भिजवलं. अख्ख्या मांडवाचं मोठ्या पातेल्यात. मग एका लहान, लाल ठिपक्याच्या पातेल्यात वेगळं घेऊन ती माझ्या खोलीत आली. ते तिने माझ्या टेबलाखाली ठेवलं आणि वर माझी शाल घातली.

“खालच्याला काय झालं तर,” ती म्हणाली. “कोणाला बोलू नको, मनाली. युस्टेसला तर नाहीच.”

खालच्या पिठावर पहारा युस्टेसचा होता. तो एका खासगी सिक्युरिटी कंपनीत सुपरवायझर होता. स्वयंपाकघराच्या दाराशी त्याने खुर्ची टाकली आणि बायकोला सांगितलं की इथून मुंगी आत जाणार नाही.

मुंगी गेली नाही. फ्रेडा गेली. पिठावर क्रूस काढून प्रार्थना करायची त्यांच्याकडे रीत आहे. लग्नाच्या पिठावर तर घरची मोठी बाई करतेच. प्रार्थनेला कोण अडवणार? युस्टेसने तिला आत सोडलं. फ्रेडा म्हणाली, दार लोटून घेते. प्रार्थना खासगी असते, म्हणून त्याने पाठ फिरवली.

मग व्हॅलेन्सिया आली. तिच्या हातात वेलंकणीहून आणलेली पवित्र पाण्याची बाटली होती. ती बघून युस्टेस खुर्चीवरून उठून उभा राहिला. तिच्यानंतर समोरच्या घरातली आली, मग मागच्या गल्लीतली, मग आणखी कोणी कोणी. एकेकटी आली, दार लोटून प्रार्थना केली आणि हात पुसत बाहेर पडली. दुपारी युस्टेसने मला भरल्या आवाजात सांगितलं की आपण गावाला उगाच नावं ठेवतो. बघ, ऑलिव्हच्या पिठासाठी किती जणी आल्या.

मीही भारावले.

संध्याकाळी उंबराचं पाणी होतं. लग्नाआधी वाजतगाजत विहिरीचं पाणी आणायचं आणि नवऱ्या मुलाला घालायचं. गावची विहीर आता एका टॉवरच्या पार्किंगमध्ये आहे. सेक्रेटरीची परवानगी काढून, दोन गाड्या हलवून बँड आत गेला. करंदीकरही आले होते. श्यामकांतनी बँडवाल्यांच्या मागे चालताना टाळ्या वाजवल्या.

इकडे मांडवात फुगे तळायला सुरुवात झाली. मी ताटं धरून उभी होते. फ्रेडाने पहिली मूठ दाबली. गोळा तेलात पडला, बुडाला, वर आला, आपोआप उलटला आणि टम्म फुगला. दुसराही तसाच. बायका एकमेकींकडे न बघता पटापट पीठ सोडायला लागल्या. चकाला गावठाणात पाच-सहा बायका कढईभोवती गप्प बसल्या आहेत, याचं मला तेव्हाच नवल वाटायला हवं होतं.

विहिरीवरून परतलेल्या श्यामकांतना पहिली बशी दिली. त्यांनी एक खाल्ला, थांबले, मग दुसरा घेतला. तिसरा हातात धरून त्यांनी मांडवाला उद्देशून सांगितलं की अंड्याची गरज असते हा निव्वळ गैरसमज आहे, आणि हा त्याचा पुरावा. बायकांनी माना खाली घातल्या. तेही विनयामुळेच, असं त्यांना वाटलं असावं. बशी भरून घेऊन ते बँडवाल्यांना पुरावा द्यायला बाहेर गेले.

मग आंटीने खाल्ला. ती तशीच उभी राहिली. तोंडातला घास तिने सावकाश गिळला. दुसरा फुगा मोडून तिने जाळी बघितली. अशी जाळी तिला एकाही रविवारी पडली नव्हती. केकच्या दुकानदारापासून डॉक्टरांच्या कंपाउंडरपर्यंत सगळ्यांवर तिने आयुष्यभर संशय घेतला. त्या दिवशी फुगा चांगला झाला, आणि तिने तो आपल्या हाताचा गुण समजला.

“ग्लेन,” तिने हाक मारली. “ये रे, बस इथे.”

ग्लेनरॉय ओल्या अंगावर टॉवेल घेऊन आला. तिने ताज्या घाण्यातला सगळ्यांत गोल फुगा उचलला, फुंकर घालून निववला आणि त्याच्या हातात दिला. तिचे डोळे भरून आले होते. ग्लेनरॉयने फुगा दोन बाजूंनी बघितला. रेवती त्याच्या शेजारी उभी होती. त्याने तोंड उघडलं.

फ्रेडाचा झारा त्याच्या मनगटावर बसला. फुगा उडून मांडवाच्या खांबावर आपटला. त्याच क्षणी व्हॅलेन्सियाने, गायकवृंदात लावते त्याच्याही वरच्या पट्टीत, “थुंक, थुंक” म्हणून आवाज लावला. मागच्या गल्लीतलीने त्याचं तोंड पदराने दाबून धरलं. समोरच्या घरातली नुसतीच रडायला लागली.

“अंडं आहे त्यात,” फ्रेडा म्हणाली.

आंटीला कळेना. फ्रेडाने सांगितलं की एकच घातलंय, शास्त्रापुरतं. पोराच्या लग्नाला अपशकुन नको म्हणून. त्यावर व्हॅलेन्सिया चमकून तिच्याकडे बघायला लागली. तिनेही एकच आणलं होतं, बाटलीत फेटून. मग तिसरी बोलली, मग चौथी. प्रत्येकीने एकच घातलं होतं आणि प्रत्येकीला वाटत होतं की गावाची लाज आपण एकटीने राखली. फ्रेडाच्या मापात जेवढी अंडी लागतात तेवढी बरोबर पडली होती. एकही कमी नाही.

युस्टेस खुर्ची उचलून हळूच मांडवाबाहेर निघाला.

रेवतीने ग्लेनरॉयला नळाखाली नेलं, साबणाने हात, ओठ, हनुवटी धुतली आणि त्याच्या तोंडाकडे बघत बसली. इंजेक्शनची पेटी तिने मांडीवर उघडून ठेवली होती. त्याने फुगा ओठालाही लावला नव्हता. मनगटावर एक लाल वळ होता, तो झाऱ्याचा.

मला वाटलं, आता आंटी ओरडेल. ती ओरडली नाही. कढईखालचा गॅस बंद करून ती फ्रेडासमोर खाली बसली.

“तुमाला तर अ‍ॅलर्जी खोटी वाटते ना?”

“वाटते,” फ्रेडा म्हणाली. “खोटीच हाय. पण पोरगा खरा हाय ना गं, बाय.”

एवढं बोलून तिने झारा खाली ठेवला.

वसुधाताई इतका वेळ मागे उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. त्यांनी बाहेर नजर टाकली. श्यामकांत बँडवाल्याला फुगा भरवत होते. त्या आंटीजवळ येऊन हळूच म्हणाल्या, “यांना आज सांगू नका हं. शनिवार आहे. उद्या सांगितलं तरी चालेल.”

आंटी उठली. तिने माझ्याकडे बघितलं आणि वर बोट दाखवलं. मी जिना चढले. शालीखालचं पीठ फुगून पातेल्याच्या काठाला आलं होतं. आंटीने कोपरापर्यंत हात धुतले, साडी बदलली, आणि माझ्या गॅसवर नवी कढई चढवली. खोलीत आम्ही चौघेच होतो, आंटी, ग्लेनरॉय, रेवती आणि मी. जिन्यावर बाकीचं गाव होतं. फ्रेडा सगळ्यांत वरच्या पायरीवर, हात पाठीमागे बांधून.

दह्याचे फुगे व्हायचे तेच झाले. एका बाजूने फुगले, दुसऱ्या बाजूने बसले. एकालाही गोल म्हणता आलं नसतं. आंटीने त्यातला एक बशीत घालून मुलापुढे ठेवला.

ग्लेनरॉयने चावला. चावत राहिला.

“एवढंच?” तो म्हणाला.

ज्याच्यासाठी त्याने सगळ्या लग्नांत टेबलाखाली डबा उघडला, ते हे होतं.

“एवढंच काय?” फ्रेडाचा जिन्यावरून आवाज आला. “त्यात अंडं नाय म्हणून. असतं तर कळलं असतं तुला.”

“कळलं असतं ना आत्या. हॉस्पिटलात.”

आधी रेवती हसली. मग जिन्यावरचे सगळे. आंटी शेवटी हसली, आणि हसता हसता तिला भिंतीला टेकावं लागलं. ग्लेनरॉयने बशी पुढे केली आणि आणखी दोन मागितले. त्यातला एक रेवतीने उचलला. खाऊन तिने प्रामाणिकपणे सांगितलं की खालचे जास्त छान होते.

दुसऱ्या दिवशी ग्लेनरॉयने सगळ्यांबरोबर जेवायला बसून चपटे फुगे खाल्ले. कढई सगळ्यांची नव्हती, पण बशी टेबलाच्या वर होती. त्याच्या ताटाजवळ कोणी आलं तर फ्रेडा झारा घेऊन उभी होती. आता ती गावात सांगते की बिनअंड्याचे फुगे तिनेच शोधून काढले. अ‍ॅलर्जी मात्र अजून खोटी आहे.

श्यामकांतना रविवारी कोणी सांगितलं नाही. सोमवारीही नाही. मागच्या आठवड्यात त्यांचा आंटीला फोन आला. घरी वसुधाने बिनअंड्याचे फुगे केले होते, ते तुमच्यासारखे हलके झाले नाहीत. तुम्ही त्यात नेमकं काय घालता? फोन स्पीकरवर होता. त्यांच्या मागे वसुधाताईंना मोठा खोकला आला.

“काय नाय हो,” आंटी म्हणाली. “आमच्या बायका पिठावर प्रार्थना करतात.”

श्यामकांत गहिवरले.

त्यांच्याशी बोलणं चालू असतानाच फ्रेडा रविवारच्या पिठावर क्रूस काढायला दारात आली. आंटीने फोन हनुवटीखाली धरला, मोकळ्या हाताने तिची पिशवी उघडली, तळापर्यंत बघितली आणि मग तिला आत घेतलं.